तीस वेळा चावून

अंड्याच्या आकाराचं घड्याळ टेबलावर टिकटिकत होतं आणि लवॉन ट्यूना माशाचा चौथा घास चावत होती. तीस वेळा चावायचं, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा घास. चमचा लहान मुलांचा. जेवण अर्ध्या तासाचं, आणि मध्ये पाण्याचा थेंबही नाही.

समोर नॉर्बर्टही तसाच चावत होता. त्याच्या पोटावर कोणी सुरी चालवली नव्हती. पण वसंतात बायकोचं वजन उतरवायचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिला सोबत म्हणून त्यानंही ही शिस्त लावून घेतली. तीस वर्षं कागदाच्या गिरणीत बारा मिनिटांत डबा उरकलेला माणूस तो. सुरुवातीला जीव मेटाकुटीला आला. आता सवय झाली होती. एवढंच की, टेबलावरचं बोलणं संपलं. घास घोळवत मनातल्या मनात मोजणारी दोन माणसं बोलणार तरी काय?

"भूक भागतेय का?" त्यानं विचारलं.

"भूक लागतेच कुठे, नॉर्ब. घड्याळ सांगतं म्हणून खाते."

त्यानं पुढचा घास घेतला. ती खोटं बोलतेय याची त्याला खात्री होती.

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबर लागला की गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडल्याशिवाय कोणी कामाला जाऊ शकत नाही. लवॉन शाळेच्या ऑफिसात होती. रोज सकाळी तिची गाडी सुरू करून गरम करून ठेवणं, हे लग्नापासूनचं नॉर्बर्टचं काम. महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी एका शुक्रवारी बर्फ झाडायचा ब्रश बाजूच्या सीटखाली घरंगळला. तो काढताना हाताला डोनटची तेलकट पिशवी लागली. पुढच्या शुक्रवारी तळलेल्या चीजचा कागद. मग चॉकलेटची वेष्टनं. दर गुरुवारी संध्याकाळी ती गुडघ्यांसाठी पोहण्याच्या बंदिस्त तलावावर व्यायामाला जायची. येताना खात असणार, दुसरं काय!

पहिल्यांदा तो हादरला. लवॉनची आई साखरेच्या दुखण्यात आधी पाय गमावून बसली, मग डोळे, आणि बावन्नाव्या वर्षी गेलीच. लवॉनला एक्कावन्नावं चालू होतं. ऑपरेशन वाया गेलं तर पुढे काय, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. नंतर नंतर मात्र भीतीही बधिर झाली. कागद उचलायचा, खिशात कोंबायचा, गिरणीतल्या कचऱ्यात टाकायचा.

हॉस्पिटलच्या तळघरात पेशंटच्या घरच्यांसाठी एक वर्ग झाला होता. तिथल्या नर्सनं बजावलं होतं, "सहा-आठ महिन्यांनी भूक परत येते. मग चोरून खाणं सुरू होतं, आणि कागद सापडतात ते गाडीत. ओरडू नका. लाज वाटेल असं बोलू नका. त्यांना पुन्हा सुरुवात करू द्या." नॉर्बर्टनं ते वहीत उतरवून घेतलं होतं. घरात वजनकाटा ठेवायचा नाही, वजन दवाखान्यातच करायचं, हेही त्यात होतं.

आज पुन्हा शुक्रवार होता, आणि सकाळी पुन्हा पिशवी सापडली होती. त्यानं ती खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"हे तुझ्या गाडीतलं."

लवॉनचा चमचा हातातच राहिला. चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून."

"आणि गप्प बसलास?"

"ओरडून काय मिळणार होतं?"

"मला वाटलं होतं, तुला कळलं की तू आकाशपाताळ एक करशील."

"माणसाचा तोल जातो, लवॉन. तुझ्या एकटीचाच नाही, पुष्कळांचा जातो. मला राग नाही. फक्त लपवू नकोस."

ती रडायला लागली. आईला पुरून आल्यानंतर ती अशी हमसून रडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"बंद करते," ती म्हणाली. "आजपासून. शपथ."

"झालं तर मग. उद्यापासून नीट सुरू करू."

घड्याळ वाजलं, तशी दोघांनी ताटल्या उचलल्या. नॉर्बर्ट स्वतःवर जरा खूशच होता. वर्गातलं निदान एक तरी कामाला आलं.

त्यानंतर गाडी स्वच्छ. लवॉननं तलावावर जाणंही सोडलं. वाटेत डोनटचं दुकान लागतं. मोहच नको म्हणून सोडलं असेल, असं त्यानं धरलं.

फेब्रुवारीच्या तपासणीला तो बरोबर गेला. लवॉन रक्त द्यायला आत गेली आणि आहारतज्ज्ञ किर्स्टननं स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.

"आणखी एकोणीस पौंड कमी. झकास चाललंय."

नॉर्बर्टचा जीव भांड्यात पडला. तो पुढे झुकून हळूच म्हणाला, "मध्ये दोनेक महिने तिचं चोरून खाणं चालू होतं. डोनट, चॉकलेट, काय काय. तिला रागावू नका हं. आता बंद केलंय तिनं."

"कोणाचं? लवॉनचं?" किर्स्टन हसली. "अहो, शक्यच नाही. या ऑपरेशननंतर काहींना गोड सोसतच नाही. ऑक्टोबरात शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक दोन घास खाल्ला, तर ऑफिसच्या फरशीवर आडवी झाली होती, घामानं चिंब. तिथूनच मला फोन केला. तुम्हाला बोलली नाही? तेव्हापासून गोडाला हात लावलेला नाही तिनं, रिपोर्टातही दिसतंय. अर्धा डोनट खाऊन ती गाडी चालवत घरी पोचलीच नसती."

"पण ते कागद..."

दार उघडलं. दंडावर कापसाचा बोळा दाबत लवॉन बाहेर आली.

बाहेर गाडीत येऊन बसल्यावर नॉर्बर्टनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. काचेवर श्वासाची वाफ धरत होती. लवॉननं हातमोजा काढला आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"बरेच दिवस सांगेन म्हणते," ती म्हणाली. "तू किती सहज माफ केलंस मला. त्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नाहीस."