डाव्या कानाचं

धाकटीनं बारावं कानातलं पुसून फडक्यावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. बाराच्या बारा उजव्या कानाची. डाव्या कानाचं एक नाही, आणि कपड्यांच्या दुकानाची बाई पाचला जोड्या न्यायला येणार. घड्याळात सव्वातीन.

घरात सून आली, गुडघे बोलायला लागले, तरी ती आपली धाकटीच. तिची थोरली बहीण डावखुरी. दोघी याच टेबलाशी समोरासमोर बसून तांब्याची तार शंखासारखी वळायच्या. डाव्या कानाचं थोरली, उजव्या कानाचं धाकटी. एकाच हातानं दोन्ही केली की दोन्ही शंख एकाच अंगाला फिरतात, आणि घालणारीचं तोंडच वाकडं दिसतं. थोरली वारली, तसं धाकटीनं दोघींच्या पकडी बिस्किटाच्या डब्यात घातल्या आणि नऊ वर्षं झाकण उघडलं नाही. उघडलं ते सुनेनं, स्क्रूड्रायव्हर शोधताना. आतली एक जुनी जोडी कानात अडकवून ती ऑफिसला गेली आणि येताना ऑर्डर घेऊन आली. बारा जोड्या. पसंत पडल्या तर दुकानातलं काचेचं एक कपाट धाकटीच्या नावचं. त्या दिवसापासून धाकटीला जेवण आठवेना, गोळ्या आठवेनात. झोपेतसुद्धा बोटं हवेत तार वळायची.

पण डावं काही वळेना. उलटा पीळ दिला की तिसऱ्या वेढ्याला तार मोडायची. आणि मोडली की जवळच कुणीतरी म्हणायचं, "च्च."

चौथ्यांदा ऐकल्यावर तिनं सुनेला विचारलं, तू का गं सारखी चुकचुकतेस? सून स्वयंपाकघरातून म्हणाली, मला वाटलं तुम्हीच. मग हात पुसत बाहेर आली, फडक्यावर नजर टाकली आणि म्हणाली, द्या की दोन्ही उजवीच, एका वेळी दोन्ही कान बघतं कोण.

"आरसा बघतो," धाकटी म्हणाली.

तिनं थोरलीची पक्कड उचलली. मुठीला हिरवी लोकर गुंडाळलेली, लोकरीत दातांच्या खुणा. तार मापताना थोरली ती तोंडात धरायची. आज सकाळपासून तिला कुणी शिवलं नव्हतं. तरी मूठ कोमट होती, आणि लोकर ओलसर.

तेव्हा कुठं धाकटीच्या लक्षात आलं. थोरलीचा कायदा ती विसरली होती. पहिलं कानातलं थोरलीचं. ते समोर ठेवून मग धाकटीनं त्याची जोड लावायची. एवढ्या वर्षांत एकदाच हिनं घाई करून आधी उजवं केलं, तर थोरली आठ दिवस बोलली नव्हती. आणि आज ही बारा करून बसलेली, न विचारता.

"रुसलीय ती," धाकटी म्हणाली, आणि एकेक शंख उलगडायला लागली.

सून हबकली. तिनं घड्याळ दाखवलं, हात जोडले, शेवटी डॉक्टरांचं नाव काढून पाहिलं. धाकटीनं बाराही तारा सरळ केल्या. नवी तार कापली, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं मांडली, वर हिरवी पक्कड ठेवली, आणि सुनेला दंडाला धरून आत नेलं. कुणी बघत असलं की थोरलीला सुचत नसे.

चहा उकळी धरत होता तेव्हा बाहेर खुर्ची करकरली. सासू-सुनांनी एकमेकींकडं पाहिलं नाही. सुनेनं साखर दोनदा घातली.

कप घेऊन बाहेर आल्या, तर फडक्यावर एक कानातलं. डाव्या कानाचं.

धाकटी बसली. खाली मान घालून उजवं वळलं आणि शेजारी ठेवायला गेली, तर पुढचं डावं तयार. मान वर करायची नाही, एवढी अक्कल तिला होती. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून तारेवर पडत होतं, पण हात थांबला नाही. एकदा तिचा एक वेढा सैल पडला. "च्च." तिनं मुकाट्यानं तो आवळला. सून दाराच्या चौकटीला टेकून पाठमोरी उभी, तिच्या कपातल्या चहावर साय धरलेली.

पाचला बेल वाजली, तेव्हा सात जोड्या झाल्या होत्या.

दुकानवालीनं एक जोडी घालून आरशासमोर मान इकडं वळवली, तिकडं वळवली. मग म्हणाली, कपाट उद्याच रिकामं करते, उरलेल्या पाच परवा दिल्यात तरी चालेल. दिवसभर उभी राहून पाय भरून आले होते बिचारीचे. बोलता बोलता तिनं समोरची खुर्ची ओढली.

"तिथं नको," सून म्हणाली. "थोरल्या मावशी आत्ताच उठल्यात."

दुकानवालीनं खाली पाहिलं. खुर्चीच्या गादीतला खळगा हळूहळू वर येत होता.