खालचं बटण

रसायनशास्त्रात दोनदा गटांगळ्या खाल्लेली शिंपीणबाईंची लेक शेवटच्या संधीसाठी फळ्यापाशी उभी राहिली आणि तिची नजर नेमकी परीक्षकांच्या शर्टावर अडकली. ऐन पोटावरचं बटण गायब होतं. “तांब्याची इलेक्ट्रॉन रचना मांड,” ते गुरगुरले. आर्गॉनपर्यंतचं घडाघडा लिहून तिने फोर-एस या कप्प्यात दोन इलेक्ट्रॉन बसवले आणि उरलेले नऊ थ्री-डी या कप्प्याच्या दहा जागांत. दोन्ही वेळा इथेच माती खाल्ली होती. पण आज ती एक रिकामी जागा डोळ्यांत खुपली. तिने फोर-एसमधला एक पुसून ठसक्यात तिथे बसवला. “असं का?” “थ्री-डीची रांग पुरी भरली की अणू निवांत, सर. माझी आईसुद्धा पँटमध्ये खोचलं जाणारं खालचं बटण काढून समोरची रांग भरते.” परीक्षकांनी एका हाताने पोट झाकलं, दुसऱ्याने पूर्ण गुण लिहिले. “आईचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?”