आईच्या हातचं

राहीच्या नाकातली नळी पाचव्या दिवशी निघाली. आता पोरगी तोंडाने खाते का, एवढंच बघायचं होतं. "खाल्लं तर घरी, नाहीतर पुन्हा नळी," असं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

सिस्टर योगिनीने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. राही नऊ वर्षांची, तिला ऑटिझम होता. गलबला तिला सोसत नसे. मनातलं ती कधी बोलली नाही. कानावर पडलेलं मात्र ज्याच्या त्याच्या सुरात जसंच्या तसं म्हणायची, असं तिच्या कागदांवर लिहिलं होतं. इथे आल्यापासून तिने तोंडच उघडलं नव्हतं.

बाप आनंदा दाराबाहेर उभा होता. आंब्याच्या बागेत फवारणीला जायचा. उरलेलं औषध त्याने पाण्याच्या बाटलीतून घरी आणलं आणि राही पाणी समजून ते प्यायली म्हणे. पोलिसांनी विचारलं तेव्हा "चूक माझीच" याखेरीज तो काही बोलला नाही. योगिनीला तो डोळ्यांसमोरही नको होता.

आईची गोष्ट वेगळी. मनिषाने पाच दिवस पाठ टेकली नव्हती.

"मेल्याने बाटली चुलीजवळ ठेवलीन," ती आताही म्हणाली. "माझ्या पोरीला काय कळतंय, सिस्टर? माझ्यामागना हिला कोण बघील?"

अशा मुलांच्या आयांच्या तोंडून हा प्रश्न योगिनीने कितीदा ऐकला होता. तिने मनिषाच्या पाठीवर हात ठेवला. "आधी खाऊ दे तिला. भरवा तुम्ही."

"माझ्याच हातचा खाते ती. आजीने दिलेला पाणीपण घेत नाय."

मनिषाने पेजेचा चमचा पुढे केला. राहीने ओठ गच्च मिटले. पुन्हा चमचा गेला, तशी ती भिंतीकडे सरकली. मनिषाने चमचा वाटीत टाकला.

"नळीने घसा सोलवटलाय, दुसरं काही नाही," योगिनी म्हणाली. "द्या इकडे. मी बघते."

ती खाटेच्या कडेला बसली, चमचा धरून राहिली. बराच वेळ गेला. राहीने वास घेतला, जीभ लावली आणि पेज गिळली. मग दुसरा चमचा. मग तिसरा. वाटी रिकामी झाली तेव्हा योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचली एकदाची पोर!

"शाब्बास गो बाय!" ती म्हणाली. "सगळं संपवलंस!"

मनिषा पदरात तोंड घालून रडायला लागली.

राहीने रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग आईच्या सुरात, तितक्याच मायेने, ती म्हणाली, "नाक धर गो बाय, नि सगळा पी. तुझ्यामागना आईपण पितेय."