काचेचा बोर्ड

संध्याकाळी सहाला बास्केटबॉलचा अंतिम सामना संपला. वरची आळी आपल्याच मैदानावर एका गुणाने हरली आणि चषक खालच्या आळीत गेला. शेवटचा बास्केट शिरीष सावर्डेकरने मारला.

तीन वर्षांपूर्वी शिरीष वरच्या आळीचाच होता. सचिव दिगूकाकांनी तो खालच्या आळीला देऊन बदल्यात त्या आळीचा रिंगमागचा नवा काचेचा बोर्ड घेतला. "पोरं काय, दरवर्षी येतात. अशी काच येते का?" ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांनी बोर्डाला खोळ शिवून घेतली. ती फक्त दसऱ्याला हार घालण्यापुरती निघे. सराव भिंतीवरच्या जुन्या रिंगवर चाले.

आज खोळ काढली, तर यजमानांचे चेंडू काचेवरून भलतीकडेच उडू लागले. शिरीषचा मात्र काचेला टेकून अलगद आत पडला.

"काका, बोर्ड अगदी कोरा ठेवलाय हो!" तो म्हणाला.

"हात लावू नकोस," काका खोळ चढवत म्हणाले.

लगेच वरच्या आळीने बोर्ड परत देऊ करून शिरीष मागितला. खालची आळी तयार झाली. अट एकच: सचिव दिगूकाकाच राहिले पाहिजेत.

वरच्या आळीची बैठक अजून चालू आहे.