वकीलबाईंची तालीम

“असं नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “पुन्हा म्हणा. आणि मोठ्यानं. मागच्या खुर्चीवरच्याला ऐकू गेलं पाहिजे.”

टेबलाच्या अलीकडे वडील आणि त्यांची लेक बसली होती. वडिलांचा रंगाच्या ब्रशांचा कारखाना होता, आणि तो बुडाला होता. बुडालेल्या धंद्यांची प्रकरणं लढवण्यात वकीलबाईंचं आयुष्य गेलं होतं. त्यांची एक पद्धत होती. ज्यांचं देणं आहे ती सगळी माणसं एका खोलीत जमतात. त्यांच्यासमोर अशिलाला जे बोलावं लागणार, ते त्या आधी आपल्या टेबलापाशी बोलून घ्यायच्या. पहिल्यांदा रडायचं ते इथे रडा, असं त्यांचं म्हणणं.

वडिलांनी घसा साफ केला. “मी सगळ्यांचं देणं देतो.”

“‘देऊ शकत नाही’, मालक.”

“तेच म्हणालो मी.”

“नाही बाबा,” लेक म्हणाली. “तुम्ही ‘देतो’ म्हणालात.”

“सवय हो.” ते ओशाळून हसले. “दारात माणूस आला की ‘देतो’ म्हणायचं. द्यायचोही. आता या वयात जिभेला कुठल्या शाळेत घालू?”

“जिभेचं बघू नंतर. आधी वकीलपत्रावर सही करा. नाहीतर माझी शिकवणी फुकटात चाललीय.”

वडिलांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. “बाई, एक अट आहे. याआधी दोन वकिलांना सांगितली, तर दोघंही हसले. यातलं काहीएक हिच्या अंगाला लागता कामा नये. कॉलेजात शिकवते ही. हिला मी पहिल्यापासून या सगळ्यातून मोकळं ठेवलंय.”

“मी नाही हसत. कागदोपत्री त्या कुठेच नाहीत, त्यांना कुणी हात लावणार नाही. पण एक विचारते. कारखाना चालू ठेवून मुदत मागता येते. घरचं कुणी उभं राहणार असेल, तर लोक देतातही.”

“कुणी नाही,” वडील म्हणाले. लेकीकडे त्यांनी पाहिलंही नाही. “बंदच करायचं. पण नीट बंद करू.”

त्यांच्या शर्टाच्या खांद्यावर ब्रशचा एक केस अडकला होता. लेक तो बघत होती. लहानपणी शाळा सुटली की ती घरी न जाता कारखान्यात जायची. केसांची जुडी टेबलावर ठोकून टोकं सारखी करायची. तयार ब्रश वरच्या ओठावरून फिरवून सांगायची, मऊ आहे की टोचतोय. ती टोचतोय म्हणाली की कारागीर कुरकुरत तो ब्रश पुन्हा बांधायला घेत. मग एके दिवशी वडील म्हणाले, आता पुस्तकांकडे बघ. तिनं बघितलं. अजूनही रंगाच्या दुकानात गेली, की कुणाचं लक्ष नाही असं पाहून ती एखादा ब्रश ओठाला लावते.

तिनं तो केस हलकेच उचलला. वडिलांनी सही केली.

जिना उतरताना ते म्हणाले, “बाई महाग आहेत. पण बुडणाऱ्यानं पट्टीचा पोहणारा बघावा, स्वस्तातला बघू नये.” कोपऱ्यावर दोघांनी चहा घेतला. चहावर फुंकर मारता मारता त्यांनी वाक्य घोकलं, आणि शेवटी एकदाचं बरोबर म्हटलं. “बघ, जमलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जायला निघाले, बूट घालायला वाकले, ते पुन्हा सरळ झाले नाहीत.

महिन्याभरानं ती त्याच टेबलापाशी एकटी बसली होती.

“त्यांनी मला नेमलं होतं, ते त्यांच्याबरोबर संपलं,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही घरी गेलात तरी चालेल. बँक येईल, कुलूप लावेल. तुमच्या अंगाला काही लागणार नाही. त्यांना दिलेला शब्द तेवढा राहील.”

“आणि तुम्हाला मी नेमलं तर?”

“तर मुदत मागू. कारखाना वाचेलही, नाही असं नाही. पण मग तुम्ही यात आलात. अगदी गळ्यापर्यंत आलात.”

“कारागीर अजून येतायत,” ती म्हणाली. “हातात काम नाही. येतात, टेबलं पुसतात आणि बसून राहतात.”

“ते त्यांचं झालं. मी तुमचं विचारतेय.”

तिनं पेन मागितलं. तिची सही झाल्यावर वकीलबाईंनी कागद बाजूला सारला आणि खुर्ची मागे सरकवली.

“उठा. मी समोरच्या लोकांतली एक आहे असं समजा. पहिला प्रश्न हाच येणार. वडिलांनी तुम्हाला एवढी वर्षं यातून बाहेर ठेवलं, मग आता तुम्ही कशाला आलात? मोठ्यानं सांगा.”

ती उभी राहिली. उत्तर तिनं तयार करून आणलं होतं: जुनी गिऱ्हाइकं, यंत्रांची स्थिती, कारागिरांचा अनुभव. वाक्यं नीटनेटकी होती. व्याख्यानाची सवय होतीच.

“बाबा,” ती म्हणाली.

वकीलबाईंनी तिला थांबवायला हात वर केला, आणि मग तो हळूच टेबलावर ठेवला.

“बाबा, मला मोकळं राहायचं नव्हतं.”