रोखलेला हात

"हात खाली घेऊ नका, काका. काय वाट्टेल ते होऊ दे, नजर हलवायची नाही."

लाँचवाला वर सुकाणूच्या चाकापाशी उभा राहून ओरडत होता. खाली, मागच्या कठड्याला पोट टेकवून सासरा उभा होता, उजवा हात पाण्याकडे रोखून. त्याचा जावई समुद्रात पडला होता.

नियम साधा आहे. माणूस पडताना ज्याने पाहिलं, त्याने दुसरं काहीएक करायचं नाही. दोरी फेकायची नाही, रडायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्या जागेकडे हात रोखून उभं राहायचं, बस. लाँच वळली की बाकीच्यांच्या दिशा चुकतात, कारण जिकडे बघावं तिकडे सारखंच पाणी. लाँचवाल्याने पहिल्याच फेरीत दोघांना हे समजावलं होतं. जावई तेव्हा हसला होता, सासऱ्याने मात्र शाळकरी पोरासारखं ऐकून घेतलं होतं.

पडला कसा, यात सांगण्यासारखं फार नव्हतं. लाँच संथ चालली होती, मागे गळाच्या दोऱ्या सोडलेल्या. उकडतंय म्हणून जावयाने लाइफ जॅकेट काढून ठेवलं होतं. एक दोरी गुंतली, ती सोडवायला तो कठड्यावरून वाकला. इंजिनाच्या आवाजात लाँचवाल्याला काही कळलं नाही. सासऱ्याची हाक आली तेव्हा त्याने वळून पाहिलं, तर जावई नव्हता आणि म्हाताऱ्याचा हात वर होता.

दिशा दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर लाँच आली त्या वाटेची रेघ सरळ मागे जात होती. हात त्या रेघेच्या बराच डावीकडे होता. लाँचवाला घुटमळला. नक्की तिकडेच का, असं त्याने विचारलं.

"डोकं दिसलं मला," सासरा म्हणाला. "प्रवाह ओढतोय त्यांना."

लाँचवाल्याने चाक डावीकडे फिरवलं. पडद्यावरच्या रेघेपेक्षा पाहणाऱ्याचा डोळा मोठा, हे त्याच्या धंद्यात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

त्याला म्हाताऱ्याची फार दया येत होती. दर शनिवार-रविवारी ही जोडी यायची. जावई मासेमारीचा शौकीन. सासऱ्याचं आणि समुद्राचं मात्र हाडवैर, धक्का सुटला की त्याच्या ओकाऱ्या सुरू. तरी लाँच ठरवायला फोन तोच करायचा. गेल्या आठवड्यात वारा होता, जावई घरीच बसू म्हणत होता, तर म्हाताऱ्याने हातापाया पडून त्याला आणलं. एवढे लाड पोटच्या पोराचे कुणी करत नाही, असं लाँचवाला चिडवायचा. सासरा तोंड पुसत म्हणायचा, एकुलती एक मुलगी आहे, तिच्यासाठी एवढं तरी करायला नको?

मुलगी एकदाच धक्क्यावर आली होती, विसरलेला डबा द्यायला. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. आमच्या हिला सपाट फरशीवरही तोल सांभाळता येत नाही, असं जावई म्हणाला आणि सगळे हसले होते.

वायरलेसवरून निरोप गेला तशा आणखी दोन लाँच आल्या, मग बचावदलाची बोट आली. सगळ्यांना एकच सांगणं होतं: म्हाताऱ्याचा हात बघा. सगळे त्या हाताच्या रोखाने पाणी चाळू लागले. एकदा तरंगतं काहीतरी दिसलं, सगळे तुटून पडले, तर तो रिकामा डबा निघाला. एकदा नुसतं शेवाळ. लाँचवाला जावयाला हाका मारून मारून घोगरा झाला.

म्हातारा कठड्यावरून हलला नाही. ओकारी आली तरी मान न वळवता ओकला. हात भरून आला तेव्हा डाव्या हाताने कोपर उचलून धरलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. बायको गेली तेव्हासुद्धा त्याने एवढी याचना कुणाकडे केली नसेल, इतकं तो तोंडातल्या तोंडात देवाला विनवत होता.

लाँचवाला खाली आला. "जरा बसा. मी धरतो हात."

"नको. माझी नजर हलली तर सगळं गेलं."

"धीर सोडू नका. पट्टीचे पोहणारे आहेत ते."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्त उतरलं. "असा माणूस किती वेळ टिकतो?"

"पाणी कोमट आहे. संध्याकाळपर्यंत टिकेल की."

"संध्याकाळपर्यंत," म्हातारा पुटपुटला आणि त्याने हात पुन्हा ताठ केला.

उन्हं उतरली, पाणी काळपट पडलं. समोरचंही दिसेना तेव्हा बचावदलाने बाकीच्यांना परत जायला सांगितलं. लाँचवाल्याने म्हाताऱ्याचा हात स्वतः खाली घेतला. तो कोपरात वाकेना. तुम्ही काही कमी केलं नाही काका, असं म्हणताना लाँचवाल्यालाच रडू फुटलं. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवरून डावा हात फिरवला.

किनाऱ्याचे दिवे दिसू लागले तसा म्हाताऱ्याचा फोन वाजला. मुलगी होती. नेहमीसारखी हळू बोलत होती.

"बाबा, निघाले का हे? आज मूड कसा आहे यांचा?"

म्हाताऱ्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"रात्री खोलीला आतून कडी लावू नकोस, बाळा," तो म्हणाला. "नुसती झोप."

त्याने फोन बंद केला, आणि दुपारपासून पहिल्यांदाच वळून त्या बाजूला पाहिलं जिकडे जावई खरोखर पडला होता.