घड्याळाची कळ

कुमुदताईंनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून त्या वाट पाहू लागल्या. समोरची मुलगी काही खेळेना.

घरी डाव मांडला, की चाल केल्यावर आपला वेळ थांबवणारी घड्याळाची कळ दाबायला त्या हटकून विसरायच्या. मग यजमानच पटावरून हात लांबवून ती दाबायचे. "स्पर्धेत समोर मी नसणार, लक्षात ठेव," म्हणून चिडवायचे. ते गेल्यानंतरची ही पहिलीच स्पर्धा.

न राहवून मुलगी कुजबुजली, "काकू, घड्याळ तुमचंच चालू आहे. दाबा ना."

"हो बाळा, दाबते. जरा थांब."

पण मांडीवरचा हात उचलेना. आपला वेळ सरताना बघत त्या बसून राहिल्या. एकदा आपल्या हाताने कळ दाबली, की समोर यजमान नव्हे, ती मुलगीच असणार होती.